आण्णांचा हात-पाय सुधारला, पण चहा जमत नाही. स्ट्रोकनंतर घरी काय करून घ्यायचं?

कोयनाकाठ:

नमस्कार. प्रश्न लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून सविस्तर लिहिते.

माझे वडील, आण्णा. वय ६६. एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होते, कराड आगारात. यंदा संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना स्ट्रोक आला. मेंदूच्या उजव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली आणि डावा हात-पाय गेला. अकरा दिवस दवाखान्यात काढून घरी आलो. त्याला आता साडेचार महिने झाले. फिजिओथेरपिस्ट नेमानं येतात, त्यांनी खूप मेहनत घेतली. आण्णा आज काठीशिवाय मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येतात. डाव्या हातानं पेला धरतात, सावकाश का होईना गुंडी लावतात. येणारा-जाणारा म्हणतो, "सुटलात की हो आण्णा!"

पण घरात काय चाललंय ते आम्हालाच माहीत.

परवाचं सांगते. आई म्हणाली, आज तुम्हीच करा चहा. पहाटेच्या गाडीला जाताना हा माणूस ३१ वर्षं स्वतःचा चहा स्वतः करून प्यायलाय. त्यांनी डाव्या बर्नरवर दूध तापत ठेवलं, उजव्यावर चहाचं आधण. साखर घातली आणि पातेल्याकडे बघत उभे राहिले. चहापुडीचा डबा डाव्या हाताला, वीतभर अंतरावर. "पूड संपलेली दिसतेय," म्हणाले. तेवढ्यात दूध वर आलं, उतू गेलं, ओट्यावरून खाली त्यांच्या पायापर्यंत ओघळलं, बर्नर विझला, गॅसचा वास सुटला. आणि आण्णा उजव्या पातेल्यातली साखर ढवळत होते. मी धावत जाऊन बटण बंद केलं. त्यांनी आईला विचारलं, "दूध कुणी ठेवलं होतं?"

जेवणाचंही तसंच. आपल्याकडे ताटाला डावं-उजवं असतं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. आण्णा भाजी, आमटी चाटूनपुसून खातात आणि म्हणतात, "चटणी वाढायची बंद केली का या घरात?" आईनं ताट फिरवलं की, "हां, आत्ता वाढलीस होय."

गोळ्यांसाठी सात खणांचा डबा आणला, सोमवार ते रविवार. आठवडा संपला तर सोमवार, मंगळवार, बुधवार तसेच भरलेले. दूधवाल्याचं बिल १,६८० रुपयांचं, यांनी ६८० काढून दिले. आणि तोंडी हिशेब विचारा, सदतीस गुणिले आठ, मी मोबाईल काढेपर्यंत उत्तर तयार! सदऱ्याची डावी बाही लोंबकळत राहते. दाढी अर्धीच होते. पेपरचे मथळे अर्धे वाचतात आणि म्हणतात, हल्ली पेपरात काहीच्या काही छापतात.

न्यूरोच्या डॉक्टरांनी घड्याळ काढायला सांगितलं होतं. आण्णांनी वर्तुळ छान काढलं, पण बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले. डॉक्टर "हं" म्हणाले, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा पेशंट आत आला. आम्हाला कुणी काही समजावलं नाही.

माझा भाऊ चांगला आहे, पण तोही आता चिडतो. "आण्णा, समोर आहे की! मुद्दाम करता का?" गेल्या रविवारी असं म्हणाला आणि आण्णा पदराआड तोंड लपवणाऱ्या बाईसारखे पंच्यात तोंड घालून रडले. मी त्यांना रडताना आजी गेली तेव्हाच पाहिलं होतं. त्या दिवसापासून आईनं सगळं स्वतः करायला सुरुवात केलीय, अगदी गुंड्या लावण्यापासून. आण्णा खुर्चीत बसून असतात.

हा मेंदूचाच भाग आहे ना? सुधारतो का? आणि तुमच्यापैकी कुणी घरी काय करून घेतलं? औषधाचं नाव नको, रोजच्या दिवसाबद्दल सांगा.

ओटी_नागपूर:

ताई, आधी आण्णांना सांगा आणि दादांनाही सांगा की यात मुद्दाम काही नाही. मी २२ वर्षं ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा शिकवायचं काम, करते. न बघता निदान करणं बरोबर नाही, पण तुम्ही लिहिलंय ते चित्र आम्ही दर आठवड्याला बघतो. याला नेग्लेक्ट म्हणतात. उजव्या मेंदूच्या स्ट्रोकमध्ये खूप दिसतं. डोळा बघतो, पण मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नाही. म्हणून "समोर आहे की" म्हणण्याचा उपयोग नाही. त्यांच्या लेखी तिथं काही नसतंच. एकदा नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिक्षेत्राची तपासणी मात्र करून घ्या, कारण कधीकधी अर्धी नजरही गेलेली असते. नुसती नजर गेलेल्या माणसाला बहुधा ते जाणवतं आणि तो मान वळवून भरून काढतो. नेग्लेक्टवाल्याला काही सुटतंय याचाच पत्ता नसतो. "दूध कुणी ठेवलं?" हा प्रश्न तिथूनच येतो.

तुमचे फिजिओ आणि तुम्ही, दोघंही खरं सांगताय. आमच्याकडे बार्थेल इंडेक्स नावाची मोजपट्टी आहे, १९६५ पासून वापरात. दहा गोष्टी, शंभर गुण: खाणं, अंघोळ, आवरणं, कपडे, शी, शू, संडासला जाणं, पलंगावरून खुर्चीत बसणं, चालणं, जिना. त्यात आण्णांना भरपूर गुण पडतील. पण त्या यादीत चहा नाही, गोळ्या नाहीत, दूधवाल्याचं बिल नाही. त्या गोष्टी लॉटन आणि ब्रोडी यांनी १९६९ साली वेगळ्या यादीत घेतल्या: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैसे. पहिल्या यादीतल्या बऱ्याच गोष्टी हात-पाय सुधारले की येतात. दुसऱ्या यादीतल्या प्रत्येक कामाला लक्ष लागतं, क्रम लागतो, चूक झाली तर ती ओळखावी लागते. दवाखान्यातून घरी सोडताना पहिली यादी बघितली जाते आणि घर चालतं दुसऱ्या यादीवर. माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात जास्त घरं इथंच फसतात.

माणसं आम्हाला पहिल्यांदा स्मरणशक्तीचं विचारतात. माझा अनुभव असा की आधी लक्ष बघावं. ज्याची मेंदूनं दखलच घेतली नाही ते लक्षात राहणार कुठून?

त्या घड्याळाबरोबर डॉक्टरांनी बहुतेक मोका नावाची लक्ष, स्मरण, विचार तपासणारी चाचणी घेतली असेल. ती ३० गुणांची असते, २६ आणि वर ठीक धरतात, बारा वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षण असेल तर एक गुण वाढवून देतात. पण आकड्यानं घाबरू नका. किती गुण गेले यापेक्षा कुठे गेले ते महत्त्वाचं. आण्णांचे गुण घड्याळात, चौकोनी ठोकळा काढण्यात गेले असतील आणि शब्दांत, हिशेबात टिकले असतील, तर शिकवायचा रस्ता शब्दांतून जातो.

आता घरी काय करायचं.

ओट्यावर शेगडीच्या डाव्या कडेला उभी लाल पट्टी लावा. नियम एकच: लाल पट्टी दिसल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. पेपरच्या डाव्या समासाला तसंच. ताट आईंनी फिरवून दिलं तर त्या दिवसाचं जेवण पूर्ण होईल, पण आण्णा शिकणार नाहीत. त्यापेक्षा जेवायच्या आधी त्यांनीच बोट ताटाच्या काठावरून डावीकडच्या टोकापर्यंत फिरवावं, शक्य तर डाव्या हाताचं. डाव्या बाजूला डावा हात हलला की लक्षही थोडं तिकडे ओढलं जातं. सदऱ्याला अधू हात आधी घालायचा आणि काढताना शेवटी काढायचा, हे फिजिओंनी सांगितलंच असेल. डाव्या बाहीच्या आत ठळक रंगाचा दोरा टाका. गोळ्यांचा डबा आडवा ठेवू नका, उभा करा, सोमवार वर आणि रविवार खाली. वर-खाली बघायला त्यांना सहसा अडचण येणार नाही. तरी रक्त पातळ करायच्या आणि बीपीच्या गोळ्या दिल्या-घेतल्या की नाही हे सध्या आईंनीच बघायचं, तिथं प्रयोग नको.

आणि आईंना सांगा, गुंड्या लावू नका. ते अडले की मनात दहापर्यंत मोजा. मग नुसतं विचारा, "काय राहिलं?" त्यानं नाही झालं तर बोटानं दाखवा. त्यानंही नाही झालं तरच हात लावा. आपण मदत थेट शेवटच्या पायरीपासून सुरू करतो. प्रेमापोटीच करतो, पण रुग्णाच्या हातून पहिल्या तीन पायऱ्या जातात.

सुधारतं का? पहिल्या तीन महिन्यांत बरंचसं आपोआप सुटतं, काहींचं वर्षानंतरही थोडं राहतं. साडेचार महिने म्हणजे उशीर झालेला नाही. जवळपास नोंदणीकृत ऑक्युपेशनल थेरपिस्ट शोधा. ही विद्या आपल्याकडे नवी नाही, कमलाताई निंबकरांनी १९५० साली मुंबईत केईएममध्ये तिची शाळा काढली. पण फिजिओ आणि आम्ही वेगळे, हे अजून कितीतरी घरांना माहीत नसतं.

मनमोर:

माझ्या सासऱ्यांना आम्ही मोबाईलवर मेंदूचे खेळ आणि सुडोकू लावून दिलं होतं. रोज अर्धा तास. करून बघा.

ओटी_नागपूर:

वेळ चांगला जातो, मन रमतं, तेवढ्यासाठी जरूर करा. पण खेळात आलेली सुधारणा बहुतेक वेळा खेळातच राहते, ओट्यापर्यंत पोचत नाही. चहा सुधारायचा असेल तर चहाच करायला हवा, त्याच ओट्यावर, त्याच पातेल्यात.

सावंतवाडीकर:

ताई, माझा अनुभव तुमच्या उलट बाजूचा आहे, पण उपयोगी पडेल म्हणून लिहितो. शिक्षक होतो, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. माझ्या पत्नीला तीन वर्षांपूर्वी डाव्या मेंदूचा स्ट्रोक आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. हात दोन महिन्यांत बराच आला. त्यानंतर एके दिवशी बघतो तर ती दात घासायच्या ब्रशनं केस विंचरत होती. मी हादरलो. वेड लागलं असं वाटलं मला, खोटं कशाला सांगू.

ते वेड नव्हतं. तिला मी कोण, घर कुठलं, आज तुळशीला पाणी घातलं की नाही, सगळं कळत होतं. फक्त वस्तू हातात आली की तिचं करायचं काय, तो धागा तुटला होता. थेरपिस्ट बाईंनी नाव सांगितलं, अ‍ॅप्रॅक्सिया.

आयुष्यभर वर्गात बोलण्याची सवय, त्यामुळे मी तिला समजावून सांगायचो. "आधी साबण घे, मग तांब्या, असं नाही, अगं तसं." ती आणखी गोंधळायची, तांब्या खाली आपटायची. बाई म्हणाल्या, सर, तुमचे शब्द बंद ठेवा. त्यांची भाषाच दुखावलीय, तुम्ही दुखऱ्या जागेवरूनच ओझं पाठवताय. तिच्या हातावर माझा हात ठेवून मुकाट्यानं पहिली हालचाल करून द्यायची, धागा लागला की हात सोडायचा. न्हाणीघरात एका वेळी एकच वस्तू. बालदी आणि तांब्या आधी असेल, साबण मी बाहेरून तेव्हाच देणार जेव्हा अंग ओलं होईल. रोज तीच वेळ, तोच क्रम, तोच हिरवा तांब्या. तांब्या बदलला तर त्या दिवशी पहिल्यापासून सुरुवात.

चुकू द्यायचं आणि मग सुधारायचं, ही माझी शिक्षकी पद्धत तिथं चालली नाही. चुकलेली हालचालच पक्की व्हायची. म्हणून चूक व्हायच्या आधीच हात धरायचा.

आज ती अंघोळ, कपडे, वेणी स्वतः करते. नारळ खवणं परत आलं त्या दिवशी शेजारची मंडळी बघायला आली होती. फोन आणि पैसे अजून नाहीत. तुमच्या वडिलांची वाचा शाबूत आहे, हिशेब शाबूत आहे, म्हणजे मला जे हत्यार टाकून द्यावं लागलं तेच तुमच्या हातात आहे. बोला त्यांच्याशी. पण थोडक्यात बोला.

गोदातीर:

मी स्वतः पेशंट आहे. वय ४९, नांदेड, प्राथमिक शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी छोटा स्ट्रोक आला. हातपाय आठ दिवसांत ठीक झाले, त्यामुळे घरात कुणालाच वाटत नाही की मला काही झालंय. म्हणून आतून कसं असतं ते सांगते.

एक काम मला येतं. दोन कामं एकदम आली की दोन्ही जातात. कुकरच्या शिट्ट्या मोजत असताना मुलानं "आई, माझे मोजे?" विचारलं की शिट्ट्यांचा आकडा फळ्यावरून पुसल्यासारखा जातो. विसरले असं नाही वाटत, तो आकडा कधी नव्हताच असं वाटतं. पहिल्या सहा महिन्यांत तीन वेळा वरण करपलं आणि सासूबाई म्हणाल्या, हिचं घरात लक्षच नाही. त्या वाक्यानं मी रात्रभर जागी होते, कारण ते अक्षरशः खरं होतं आणि तरी माझा दोष नव्हता.

आता ओट्यावर दोन वाट्या ठेवते. एकीत चार चिंचोके. शिट्टी झाली की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. पहिली वाटी रिकामी झाली की गॅस बंद. मग कुणी कितीही हाका मारू देत. मोजणं डोक्यातून काढून वाटीत ठेवलं.

थकवाही समजून घ्या. चालून येणारा थकवा नाही हा. सकाळी दहा वाजता मला सगळं जमतं, दुपारी चारला तेच काम जमत नाही. त्यामुळे लोकांना वाटतं, सकाळी केलंस की, मग आता काय झालं. आण्णांकडून चहा करून घ्यायचा तर झोप झाल्यावर, टीव्ही बंद करून, घरात पाहुणे नसताना.

आणि एक गोष्ट राहू नये. आण्णा रडले असं तुम्ही लिहिलंय, खुर्चीत बसून असतात असं लिहिलंय. डॉक्टरांना हे मुद्दाम सांगा. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. मलाही आलं होतं. त्यावर औषध घेतल्यावर लक्षही सुधारलं, कारण मन बुडालेलं असलं की शिकायची ताकदच राहत नाही.

कोयनाकाठ:

तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, मी आईला आणि भावाला मोठ्यानं वाचून दाखवलं. ब्रशचा भाग ऐकताना आई उठून आत गेली. भाऊ गप्प बसला आणि मग आण्णांच्या शेजारी जाऊन बसला, डाव्या बाजूला.

दोन गोष्टी विचारते. गॅसपाशी त्यांना उभं करू का? भाऊ म्हणतो इंडक्शन आणतो. आणि आण्णा रोज गाडीची किल्ली मागतात.

ओटी_नागपूर:

गॅसपाशी एकटं अजिबात नाही, पण शेजारी कुणी असेल तर जरूर उभं करा. इंडक्शनची घाई नको. नवं यंत्र म्हणजे नवी बटणं, नवं शिकणं, आणि दुखावलेल्या मेंदूला तेच सगळ्यात जड जातं. ओळखीची शेगडी हा त्यांचा आधार आहे. इस्राएलमधल्या थेरपिस्टांनी केटल टेस्ट म्हणून चाचणीच केलीय, त्यात रुग्णानं दोन गरम पेयं करायची, एक स्वतःचं आणि एक समोरच्याचं. माणूस घरी एकटा राहू शकेल का याचा अंदाज दोन कप चहात येतो, एवढं त्या कामात भरलेलं असतं.

किल्ली नाही. दुचाकी, चारचाकी, काहीच नाही. डाव्या बाजूनं येणारं पोर त्यांना दिसणार नाही. न्यूरोच्या डॉक्टरांकडून त्यांच्यासमोर सांगून घ्या, म्हणजे घरच्यांवर राग राहत नाही.

आणखी एक युक्ती. चहा सुरू करायच्या आधी त्यांनाच विचारा, आज काय सुटेल असं वाटतं? झाल्यावर विचारा, काय सुटलं? आपल्याला काय होतंय याची जाणीव सांगून येत नाही, अशा अंदाजातून हळूहळू येते. आणि त्यांच्या नोकरीतली एखादी हाडात भिनलेली सवय शोधा. ३१ वर्षांची सवय फार खोल असते.

कोयनाकाठ:

सात आठवड्यांनी लिहितेय. उशिराबद्दल माफ करा, पण लिहायला काहीतरी हातात असावं असं वाटत होतं.

डोळ्यांची तपासणी झाली, नजर पूर्ण आहे. डॉक्टरांनी मनासाठी एक गोळी सुरू केली. किल्लीबद्दलही त्यांनीच सांगितलं. आण्णा दोन दिवस बोलले नाहीत, मग स्वतःच किल्ली देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. साताऱ्याहून एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट पंधरा दिवसांतून एकदा येतात.

लाल पट्टी पहिल्याच दिवशी लावली. पहिला आठवडा काही उपयोग नाही, कारण पट्टीच डावीकडे! ती बघायचीच आठवण राहत नव्हती. मी वहीत टिपत होते, एका चहाला किती वेळा सांगावं लागलं. नऊ, दहा, नऊ.

मग एका सकाळी आण्णा गॅसपाशी, आई मागं भाकरी थापत होती आणि मी दारात मनात दहापर्यंत मोजत उभी. आण्णा पूड शोधत थांबलेले. मी आठवर असेन, आईच्या तोंडून सहज गेलं, "अहो, दार बघितलं का?"

आण्णांची मान झटकन डावीकडे वळली. पूर्ण. खांद्यासकट.

एसटीचं दार डावीकडे असतं. आण्णा नव्या पोरांना शिकवायचे, दार बघितल्याशिवाय डबल बेल नाही. आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्यांवर पायरीवर माणसं लोंबकळत असायची, तेव्हा तर दर थांब्याला मान बाहेर. घरातही कुणी घाई केली की हेच वाक्य. आईनं ते ३१ वर्षं ऐकलंय. तिनं ठरवून काही केलं नव्हतं, हातातली भाकरी तशीच धरून ती माझ्याकडे बघत राहिली.

आता आण्णा स्वतः म्हणतात, "दार." मान डावीकडे, लाल पट्टी, मग पट्टीपासून उजवीकडे येत येत सगळं बघायचं: डबा, डावा बर्नर, उजवा बर्नर. चहा गाळून झाला की परत "दार," दोन्ही बटणं हातानं चाचपायची आणि मग ओट्यावर दोन टिचक्या. त्या टिचक्या वाजल्याशिवाय चहा कुणाला मिळत नाही. वहीत कालचा आकडा दोन.

थेरपिस्ट ताईंनी पैशांसाठी एक सोपं सांगितलं. आकडा वाचताना रुपयाचं चिन्ह सापडेपर्यंत बोट मागं न्यायचं. चिन्ह सापडलं तरच आकडा पूर्ण. या महिन्याचं दूधबिल १,७१० होतं, आण्णांनी ते पूर्ण वाचलं आणि त्यात एका दिवसाचं दूध जास्त लावलंय हेही दाखवून दिलं. दूधवाला हसत म्हणाला, काका परत ड्युटीवर आले.

गोळ्यांचा डबा उभा केल्यापासून एकही खण भरलेला राहिला नाही, तरी आई रात्री बघते.

न जमलेलंही सांगते. सदऱ्याला "दार" चालत नाही, तिथं दोराच लागतो. दाढी अजून अर्धी. एका कामात शिकलेलं दुसऱ्या कामात आपोआप जात नाही, प्रत्येक काम वेगळं शिकवावं लागतंय. गेल्या गुरुवारी मामाकडची सहा माणसं आली, घरात गलका झाला आणि आण्णांचा चहा पुन्हा पूर्वीसारखा झाला, पूड नाही, डावा बर्नर चालूच. मला आधी भीती वाटली, सगळं गेलं की काय. मग गोदातीर ताईंचं आठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शांततेत परत दोनच.

आई आता गुंड्या लावत नाही. ती पलंगाच्या कडेला हात मांडीखाली घेऊन बसते, हात पुढं जाऊ नयेत म्हणून.

सावंतवाडीकर:

ताई, दोनदा वाचलं. पत्नीलाही वाचून दाखवलं. तिनं टेबलावर दोन टिचक्या वाजवल्या.

मनमोर:

सासऱ्यांचीही डावीच बाजू आहे, ताटात अर्धं राहतं ते आम्ही भूक कमी झाली असं समजत होतो. लाल पट्टी कसली लावलीत?

कोयनाकाठ:

आधी वायरमनची लाल चिकटपट्टी लावली होती, ती गॅसच्या धगीनं सुटली. मग भावानं शेगडीपासून वीतभर अंतर सोडून ऑइलपेंटचा दोन बोटं रुंद पट्टा मारला, ओट्यापासून वर भिंतीच्या फरशीवर हातभर उंच. ताटाखाली जुन्या लाल लुगड्याचा काठ शिवून चौकोन केलाय, तो डावीकडे चार बोटं बाहेर राहील असा. तुमच्या सासऱ्यांचं ताट आज रात्री एकदा फिरवून बघा आणि राहिलेलं खातात का ते कळवा.